विश्लेषण : पक्षी जनतेचा, पण फाटक मालकाचे... फ्लोरिडातील ‘ऑसिओला’ टर्कीपर्यंत पोहोचणे इतके कठीण का?

दरवर्षी मार्च उजाडला की अमेरिकेच्या निरनिराळ्या राज्यांतील शिकारी फ्लोरिडाची वाट धरतात. त्यांना समुद्रकिनारा नको असतो आणि डिस्ने वर्ल्डही नको असते. ऑर्लँडो शहराच्या दक्षिणेला पसरलेल्या गुरांच्या कुरणांत आणि सायप्रसच्या दलदलीत फिरणारा एक पक्षी त्यांना हवा असतो. तो म्हणजे ऑसिओला टर्की. फ्लोरिडाचे द्वीपकल्प सोडले तर जगात हा पक्षी नैसर्गिकरीत्या कुठेच आढळत नाही.

त्याच्या शिकारीचा हंगाम ठरलेला आहे. परवाना मोबाइलवर काही मिनिटांत मिळतो. तरीही अनेक शिकाऱ्यांना वर्षानुवर्षे हा पक्षी मिळत नाही, कारण तो जिथे राहतो तिथे पाऊल ठेवायलाच जागा मिळत नाही. हा पक्षी नेमका कोणता, त्याच्यापर्यंत जाण्याचे मार्ग कोणते आणि हे मार्ग दिवसेंदिवस अरुंद का होत आहेत, याचा हा आढावा.

ऑसिओला टर्की म्हणजे कोणता पक्षी?

वन्य टर्की हा मूळचा उत्तर अमेरिकेचा पक्षी. त्याच्या सहा उपप्रजाती मानल्या जातात : ईस्टर्न, ऑसिओला, रिओ ग्रांद, मेरियम्स, गोल्ड्स आणि दक्षिण मेक्सिकन. घरोघरी पाळली जाणारी टर्की यातल्या शेवटच्या, म्हणजे मेक्सिकोतील उपप्रजातीपासून तयार झाली. स्पॅनिशांनी ती सोळाव्या शतकात युरोपात नेली. भारतात तिची नोंद गोव्यामार्गे झालेली दिसते. जहांगीर बादशहाचा सरदार मुकर्रबखान गोव्याहून ज्या नवलाईच्या वस्तू घेऊन आला, त्यांत एक नर टर्की होता. १६१२ च्या सुमारास मन्सूर या दरबारी चित्रकाराने त्याचे चित्र काढले. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

ऑसिओला मात्र कधी पाळला गेला नाही. डब्ल्यू. ई. डी. स्कॉट या पक्षी-अभ्यासकाने १८९० मध्ये त्याचे वर्णन केले आणि सेमिनोल जमातीचा नेता ऑसिओला याचे नाव त्याला दिले. अमेरिकी सरकारने सेमिनोलांना फ्लोरिडातून हुसकावायला सुरुवात केली, तेव्हा या नेत्याने लढा दिला होता. १८३७ मध्ये पांढऱ्या निशाणाखाली वाटाघाटींना आला असता त्याला पकडण्यात आले आणि पुढच्याच वर्षी कैदेत त्याचा मृत्यू झाला.

दिसायला हा पक्षी ईस्टर्न टर्कीपेक्षा थोडा लहान आणि गडद असतो. ईस्टर्नच्या पंखांवर काळे-पांढरे पट्टे जवळपास सारख्या रुंदीचे असतात. ऑसिओलाच्या पंखांवर काळा रंग जास्त असतो आणि पांढरे पट्टे बारीक, तुटक असतात. नराच्या पायावरची नखी लांब, वळलेली आणि टोकदार असते.

‘ग्रँड स्लॅम’ म्हणजे काय?

टेनिसप्रमाणे टर्कीच्या शिकारीतही ‘ग्रँड स्लॅम’ आहे. ईस्टर्न, रिओ ग्रांद, मेरियम्स आणि ऑसिओला या चारही उपप्रजातींचा एकेक नर कायदेशीररीत्या मिळवला की ते पूर्ण होते. १९७३ मध्ये स्थापन झालेली नॅशनल वाइल्ड टर्की फेडरेशन ही संस्था त्याची नोंद ठेवते.

यातले तीन पक्षी मिळणे तुलनेने सोपे आहे. अलास्का वगळता अमेरिकेच्या सर्व राज्यांत वन्य टर्की आहे. ईस्टर्न देशाच्या पूर्वार्धात पसरलेला आहे, रिओ ग्रांद टेक्सासच्या परिसरात आणि मेरियम्स पश्चिमेच्या डोंगराळ राज्यांत. एका राज्यात जमले नाही तर शेजारच्या राज्यात प्रयत्न करता येतो. ऑसिओलाच्या बाबतीत ‘शेजारचे राज्य’ हा पर्यायच नाही.

फ्लोरिडाचा उत्तरेकडचा चिंचोळा पट्टाही उपयोगाचा नाही, कारण तिथला पक्षी ईस्टर्न आहे आणि मधल्या भागात दोघांचा संकर होतो. त्यामुळे फेडरेशनने नकाशावर एक ओळच आखली आहे. डिक्सीपासून डुव्हालपर्यंतच्या काउंटींची ही ओळ आणि तिच्या दक्षिणेला मारलेला पक्षीच ऑसिओला म्हणून धरला जातो. चारही पक्षी हवे असलेल्या देशभरातील प्रत्येक शिकाऱ्याला शेवटी या एकाच अर्ध्या राज्यात यावे लागते.

हा पक्षी दुर्मीळ आहे का?

नाही. ऑसिओलाची संख्या साधारण ८० हजार ते १ लाख असल्याचा अंदाज दिला जातो. ईस्टर्न टर्की मात्र काही दशलक्ष आहेत. म्हणजे ऑसिओला तुलनेने थोडे आहेत, पण धोक्यात आलेले नाहीत.

एकेकाळी परिस्थिती वेगळी होती. बाजारासाठी होणारी बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांमुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत वन्य टर्की मोजक्याच भागांत उरली होती. फ्लोरिडात १९४० च्या दशकाच्या अखेरीस वन्यजीव खात्याने ग्लेड्स काउंटीतील फिशईटिंग क्रीक या ओढ्याच्या परिसरातून टर्की पकडून राज्याच्या इतर भागांत सोडायला सुरुवात केली. तिथे पक्षी टिकून होते, कारण ती जमीन मोठ्या खासगी रँचची होती. फाटके बंद होती आणि आत बाहेरच्यांची वर्दळ नव्हती. आज जे बंद फाटक शिकाऱ्यांना अडवते, तशाच फाटकाने तेव्हा पक्षी वाचवला होता.

भारतात शिकारीला बंदी, मग अमेरिकेत परवानगी कशी?

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक निर्बंध आणले आणि उरलेले शिकार परवाने १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाले. अमेरिकेने वेगळा रस्ता घेतला. तिथे वन्य प्राणी ही जनतेची मालमत्ता मानली जाते आणि राज्य सरकार तिचे विश्वस्त असते. किती प्राणी मारता येतील, कधी आणि कसे, हे राज्याचा वन्यजीव विभाग ठरवतो. परवान्यांचे शुल्क या विभागाकडे जाते. शिवाय १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार बंदुका आणि काडतुसांवर १० ते ११ टक्के केंद्रीय कर बसतो आणि तो पैसा वन्यजीव संवर्धनासाठी राज्यांना मिळतो.

टर्कीची शिकार प्रामुख्याने वसंतात होते. नर अनेक माद्यांशी जोडी जमवतो. त्यामुळे काही नर कमी झाले तरी त्या वर्षीच्या विणीवर फार परिणाम होत नाही, असा यामागचा हिशेब आहे. फ्लोरिडात वसंत हंगामात नर किंवा छातीवर केसांसारखी ‘दाढी’ असलेला पक्षीच मारता येतो आणि एका शिकाऱ्याला हंगामात जास्तीत जास्त दोन. स्टेट रोड ७० या महामार्गाच्या दक्षिणेला हंगाम मार्चच्या सुरुवातीला सुरू होतो, उत्तरेला साधारण दोन आठवड्यांनी. दोन्हीकडे तो जेमतेम पाच आठवडे चालतो. पक्षी मारला की त्याची नोंद सरकारी अॅपवर करावी लागते.

कायद्याची दुसरी बाजू अशी, की पक्षी जनतेचा असला तरी जमीन ज्याची त्याची असते. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर सातबारा ज्याच्या नावावर, फाटक त्याचे. रँचमालक कुंपणाआतला टर्की स्वतःचा म्हणू शकत नाही, पण तुम्हाला आत येऊ न देण्याचा पूर्ण अधिकार त्याला आहे. फ्लोरिडात शस्त्र घेऊन दुसऱ्याच्या जमिनीत विनापरवाना शिरणे हा गंभीर गुन्हा आहे आणि त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पहाटे कुंपणापलीकडून नराची साद कितीही जवळून आली, तरी शिकाऱ्याला अलीकडेच थांबावे लागते.

राज्यात सरकारी जमीन नाही का?

आहे, आणि भरपूर आहे. ‘फ्लोरिडा फिश अँड वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन कमिशन’ हा विभाग शिकारीसाठी खुली असलेली जवळपास ६० लाख एकर सार्वजनिक जमीन सांभाळतो. इतके मोठे जाळे अमेरिकेतील मोजक्याच राज्यांत आहे.

पण या आकड्याची फोड केली की अडचण दिसते. यातील मोठमोठे सलग पट्टे उत्तरेच्या चिंचोळ्या भागात आहेत आणि तिथे ऑसिओला नाही. दक्षिणेच्या टोकाला बिग सायप्रससारखे अफाट प्रदेश आहेत, पण ते पाणथळ आहेत आणि पक्षी तिथे विरळ आहेत. टर्कीला उघडे कुरण, त्याच्या कडेला ओकची राई, खाली सॉ पाल्मेटोची झुडपे आणि रात्री बसायला पाण्यात उभे सायप्रस, असे मिश्रण लागते. मध्य फ्लोरिडात हे मिश्रण ठिकठिकाणी आहे, पण तो पट्टा मुख्यतः गुरांच्या खासगी रँचचा आहे.

कोटा परमिटची सोडत कशी चालते?

मध्य फ्लोरिडातील थ्री लेक्ससारख्या चांगल्या सार्वजनिक क्षेत्रांत वसंत हंगामात कुणालाही केव्हाही जाता येत नाही. ठरावीक दिवसांसाठी ठरावीक परमिट असतात आणि ती सोडतीने दिली जातात. म्हाडाच्या घरांसारखाच हा प्रकार आहे. हंगामाच्या काही महिने आधी ऑनलाइन अर्ज करायचा, क्षेत्र आणि तारखांचे पसंतीक्रम द्यायचे आणि निकालाची वाट पाहायची. अर्जाला पैसे लागत नाहीत.

म्हाडापेक्षा एक फरक मात्र महत्त्वाचा आहे. नंबर लागला नाही तर अर्जदाराला एक ‘प्राधान्य गुण’ मिळतो. पुढच्या वर्षी जास्त गुण असलेल्यांचा विचार आधी होतो. त्यामुळे ज्याला ऑसिओला हवा आहे तो जायचे ठरण्याच्या कितीतरी वर्षे आधीपासून अर्ज करत राहतो. परमिट मिळालेल्याला काही ठिकाणी सोबत एक पाहुणाही नेता येतो. फ्लोरिडात मित्र असणे म्हणूनच मोलाचे ठरते.

‘स्पेशल ऑपर्च्युनिटी’ नावाची दुसरी सोडतही आहे. ती निवडक, कमी गर्दीच्या क्षेत्रांसाठी असते. तिच्या प्रत्येक अर्जाला ५ डॉलर लागतात आणि ते परत मिळत नाहीत. पण अर्ज हवे तितके करता येतात. जितके अर्ज जास्त, तितकी संधी जास्त. निवड झाली की परमिटचे शुल्क वेगळे भरावे लागते.

सोडत लागली नाही तर?

काही सार्वजनिक क्षेत्रांत हंगामाच्या निदान काही भागात कोटा परमिटशिवाय जाता येते. एव्हन पार्क एअर फोर्स रेंज या हवाई दलाच्या सरावभूमीतही शिकार चालते, पण त्यासाठी तिथले स्वतंत्र परमिट आणि नियम आहेत.

अशा ठिकाणी पैसे कमी लागतात आणि पाय जास्त चालवावे लागतात. पहाटेच्या अंधारात घोटाभर पाण्यातून जायचे, उजाडताना नर कुठल्या झाडावरून साद देतो ते ऐकायचे, मग झाडाला टेकून निश्चल बसायचे आणि लाकडी खोके घासून मादीचा आवाज काढायचा. टर्कीची नजर तीक्ष्ण असते. हात हलला तरी तो निघून जातो. बहुतेक सार्वजनिक क्षेत्रांत दुपारी एक वाजता शिकार थांबवावी लागते. त्यात तीच साद ऐकून दुसरा शिकारीही तिकडे वळलेला असतो. जमीन कुणाची, हद्द कुठे, हे दाखवणारी ‘ऑनएक्स’सारखी अॅप आता सर्वांच्या मोबाइलमध्ये आहेत. त्यामुळे पूर्वी मोजक्या स्थानिकांना माहीत असलेले कोपरेही आता सर्वांना दिसतात.

खासगी रँचचे दार कसे उघडते?

इथे तीन मार्ग आहेत. पहिला व्यावसायिक शिकार-आयोजकाचा. तो रँचमालकाशी करार करतो, गिऱ्हाईक आणतो, सोबत वाटाड्या देतो. दुसरा भाडेपट्ट्याचा. काही शिकारी मिळून एखाद्या रँचवरील शिकारीचे हक्क वर्षभरासाठी घेतात. खर्च वाटून घेतला जातो आणि गटात नव्या माणसाला सहसा ओळखीशिवाय घेत नाहीत.

तिसरा मार्ग सर्वांत जुना आहे. मालकाकडे जाऊन थेट परवानगी मागायची. कुंपण दुरुस्तीला हात लावायचा, रानडुकरांचा त्रास असेल तर ती मारून द्यायची, फाटक जसे होते तसेच ठेवून जायचे आणि दोन-तीन वर्षांनी एका सकाळची परवानगी मिळवायची. पण ज्या सकाळचे पैसे मिळू शकतात ती फुकट का द्यायची, असा विचार मालकाने केला तर त्यात गैर काही नाही. गुरांच्या धंद्यात भाव खाली-वर होत असताना शिकारीचे उत्पन्न त्याला आधार देते.

खर्चाचे गणित काय सांगते?

राज्याबाहेरच्या शिकाऱ्याला दहा दिवसांचा परवाना ४६.५० डॉलर, टर्की परमिट १२५ डॉलर आणि सार्वजनिक क्षेत्राचे परमिट २६.५० डॉलर, असे एकूण १९८ डॉलर लागतात. म्हणजे सुमारे १७ हजार रुपये. फ्लोरिडाच्या रहिवाशाला याच तीन गोष्टी ५३.५० डॉलरमध्ये मिळतात.

आयोजकामार्फत खासगी रँचवर गेल्यास एका पक्ष्यासाठी साधारण दोन हजार डॉलरपासून पुढे, म्हणजे किमान पावणेदोन लाख रुपये मोजावे लागतात. परवान्याचा खर्च वेगळा. सरकारने ठरवलेली किंमत आणि बाजारातली किंमत यात किमान दहापट फरक आहे. पक्षी तोच आणि हंगामही तोच. वरचे सगळे पैसे फाटक उघडण्याचे आहेत.

फिशईटिंग क्रीकचा खटला का महत्त्वाचा?

जिथून टर्की पकडून राज्यभर सोडले गेले, त्याच फिशईटिंग क्रीकवर पुढे प्रवेशाचा मोठा वाद झाला. आजूबाजूची जमीन ‘लाइक्स ब्रदर्स’ या कंपनीची होती. लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथे होड्या घालत, मासे धरत. १९८९ मध्ये कंपनीने लोकांचा प्रवेश बंद केला आणि प्रकरण न्यायालयात गेले. मुद्दा एवढाच होता, की हा ओढा नौका चालण्याजोगा आहे का? असेल तर कायद्याने त्याचे पात्र जनतेचे ठरते.

१९९७ मध्ये ज्युरीने ओढा नौका चालण्याजोगा असल्याचा कौल दिला. १९९९ मध्ये तडजोड झाली. राज्याने ओढ्याकाठची सुमारे १८ हजार एकर जमीन विकत घेतली आणि शेजारच्या आणखी मोठ्या क्षेत्रावर बांधकाम न करण्याचा करार केला. आज तिथे सार्वजनिक वन्यजीव क्षेत्र आहे आणि टर्कीची शिकारही होते. लोकांचा हक्क आणि मालकाला मोबदला, दोन्ही एकाच तडजोडीत बसले. मात्र त्यासाठी दहा वर्षे गेली आणि सरकारी तिजोरीतून पैसा खर्च झाला.

रँच विकल्या गेल्या तर?

खरा प्रश्न इथे आहे. २०२० च्या जनगणनेत फ्लोरिडाची लोकसंख्या २ कोटी १५ लाख होती आणि ती वाढतेच आहे. ऑर्लँडोच्या आग्नेयेला ‘डेझरेट’ ही सुमारे २ लाख ९० हजार एकरांची रँच आहे. बृहन्मुंबईच्या क्षेत्रफळाच्या जवळपास दुप्पट. ती चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स या चर्चच्या मालकीची आहे. तिच्या एका भागावर २०८० पर्यंत सुमारे पाच लाख लोकांची वस्ती उभारण्याच्या दीर्घकालीन आराखड्याला २०१५ मध्ये मंजुरी मिळाली. ही मंजुरी देणाऱ्या काउंटीचे नावही ऑसिओलाच.

यावर उपाय म्हणून फ्लोरिडाने २०२१ मध्ये वन्यजीव कॉरिडॉर कायदा केला. सुमारे १ कोटी ८० लाख एकरांचा हा सलग पट्टा आहे. त्यातील साधारण १ कोटी एकर जमीन आधीच संरक्षित आहे आणि उरलेली प्रामुख्याने रँच आणि वनशेतीची आहे. ती सगळी विकत घेणे सरकारला परवडणारे नाही. म्हणून संवर्धन करार केले जातात. सरकार मालकाला पैसे देते, मालक जमिनीवर कायमचे बांधकाम न करण्याचे वचन देतो आणि गुरे चारत राहतो. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या एव्हरग्लेड्स हेडवॉटर्स अभयारण्याची आखणीही अशीच आहे. दीड लाख एकरांच्या उद्दिष्टापैकी एक लाख एकर अशा करारांतून मिळवायचे आहेत.

अशा करारांत लोकांना आत येऊ देण्याची अट सहसा नसते. म्हणजे जनतेच्या पैशातून पक्ष्याचे घर वाचते, पण फाटक बंदच राहते. शिकाऱ्यांपैकी काहींना हे खटकते. दुसरी बाजू अशी, की प्रवेशाची सक्ती केली तर अनेक मालक करारच करणार नाहीत आणि जमीन बिल्डरकडे जाईल. बंद फाटकाआड टर्की निदान टिकतो आणि कुंपण ओलांडून शेजारच्या सार्वजनिक जमिनीतही येतो. वसाहत झाली तर ना फाटक उरते, ना पक्षी.

पुढे काय?

ऑसिओलाच्या मागे लागलेल्या शिकाऱ्यापुढे सध्या तीन पर्याय आहेत : सोडतीत गुण साठवत वाट पाहणे, दलदलीत जास्त चालणे किंवा पैसे मोजणे. पुढच्या वीस-तीस वर्षांत यातले किती पर्याय उरतील, हे टर्कीच्या संख्येपेक्षा जमिनीच्या व्यवहारांवर जास्त ठरेल. राज्य किती जमीन विकत घेते, किती रँचमालक करारावर सही करतात आणि त्यांतले किती जण वर्षातून चार सकाळी तरी फाटक उघडायला तयार होतात, यावर हे गणित अवलंबून आहे. फिशईटिंग क्रीकने हे तिन्ही एकत्र जमू शकते असे दाखवले आहे. मात्र तिथे तडजोड झाली तेव्हा जमीन मोकळी होती. एकदा घरे उभी राहिली की तडजोडीला काही उरत नाही.